जड शेर : भंगारातल्या एका वजनाचं प्रकरण

पोतं भरलं १९ किलो ४०० ग्रॅम. सांगलीत माधवनगर रस्त्याच्या बाजूला एका भंगाराच्या अड्ड्यात इलेक्ट्रॉनिक काट्यावर ते ठेवलेलं, आणि अड्डेवाले चाचा, अण्णा आणि मी तिघेही त्या लाल आकड्यांकडे टक लावून उभे. पोत्यात काय होतं? किलोच्या आधीच्या काळची वजनं. शेर, अच्छेर (म्हणजे अर्धा शेर), पावशेर. वजनंच वजनावर विकत घ्यायची वेळ आली की मला अजून हसू येतं. चाचांना त्यात काही गंमत वाटत नाही. त्यांच्या लेखी ते बीड, म्हणजे ओतीव लोखंड, आणि बीड बत्तीस रुपये किलो. हिशेब ६२१ चा झाला. चाचा म्हणाले, "सातशे द्या अण्णा. तुमी न्हाई म्हणत न्हाई, म्हाईत हाय मला." अण्णांनी मुकाट्यानं सातशे काढून दिले.

हे प्रकरण त्या पोत्यातल्या एका शेराचं आहे. भंगारातून वस्तू जमवणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून लिहितोय, आणि यातली चूक माझी आहे म्हणूनही.

माझा धंदा काटे-तराजू दुरुस्तीचा. वडिलांचा होता, आता माझा. हल्ली बहुतेक काम लोडसेल बदलणं, बॅटरी बदलणं, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी जोडणं. पण वजनात शिसं कसं भरायचं ते मी चौदाव्या वर्षी वडिलांशेजारी बसून शिकलो. हात ते विसरत नाहीत, आणि पुढचा घोटाळा त्यामुळेच झाला.

अण्णा म्हणजे हळदीच्या एका अडत दुकानात चाळीस वर्षं दिवाणजी असलेला माणूस. आधी गणपती पेठेत, मग मार्केट यार्डात. हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, भरलेली आणि उपसलेली त्यांनी पाहिली आहेत. पेवाचं तोंड उघडलं की आत लगेच उतरायचं नाही, हवा खेळू द्यायची, हे ते अजून असं सांगतात की जणू उद्या सकाळी आपल्याला उतरायचंच आहे. २००५ च्या पुरात त्यातली बरीच पेवं गेली. अण्णांचा संग्रह त्यानंतर सुरू झाला. कारण विचारलं तर सांगत नाहीत, मीही पुन्हा विचारलं नाही.

ते फक्त वजनं आणि मापं घेतात. त्यांच्या मागच्या खोलीत फळीवर पायली, तिची निम्मी अधोली, पुढे शेर, मापटं, चिपटं, कोळवं आणि शेवटी निळवं अशी उतरती रांग आहे. प्रत्येक माप आधीच्याच्या निम्मं. निळवं तर इतकं लहान की नातवंडं त्यातून भातुकलीतलं पाणी पितात. ही सगळी धान्य मापायची. मापाचा शेर वेगळा आणि वजनाचा शेर वेगळा, हे आजच्या माणसाला पटवायला अण्णांना दर वेळी दहा मिनिटं लागतात. नव्या सुनेनं उंबरठ्यावरचं माप ओलांडायचं असतं एवढंच बहुतेकांना आठवतं. ते माप म्हणजे नेमकं काय, कशाचं माप, हे कोणी विचारत नाही.

वजनाच्या शेराचं मात्र पक्कं आहे. ८० तोळ्यांचा शेर, म्हणजे ९३३.१ ग्रॅम. चाळीस शेरांचा मण, ३७ किलो ३२४ ग्रॅम. १९५६ च्या कायद्यानं दशमान वजनं आली, १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं लागू झाली आणि १९६२ पर्यंत शेर-मण बाजारातून कायद्यानं हद्दपार झाले. हद्दपार झालेलं बीड कुठे जाणार? फौंड्रीत. आपल्याकडे सांगली-कोल्हापूर पट्ट्यात भट्ट्यांची कमतरता नाही. त्यामुळे जुना शेर आज दिसलाच तर तो कुणाच्या तरी माळ्यावर, पाण्याच्या पिंपाखाली टेकू म्हणून, नाहीतर दाराला अडणी म्हणून राहून गेलेला असतो.

जाता जाता अड्ड्याविषयी. तिथे येणारे अण्णा एकटेच नाहीत. एक जण फक्त कुलपं नेतो, किल्ली नसलेलीच. किल्ली असली तर घेत नाही. दुसरे एक शेतकरी नांगराचे फाळ जमवतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर कारखाना थाटला आणि लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या गळी उतरवला, त्या किर्लोस्करवाडीपासून यांचं शेत सायकलवर जाण्याच्या अंतरावर, म्हणून फाळ. एकदा मिरजेकडून नॅरोगेज रुळाचे तुकडे आले होते. बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची गाडी १९२७ मध्ये मिरजेपर्यंत आली होती, त्या काळचे असावेत. मला मोह झाला. अण्णांनी हात धरला. रेल्वेचा माल बाळगण्यावर १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे. तो माल आपल्याकडे कसा आला हे दाखवायला लिलावाची पावती नसेल तर छंद चौकीत संपतो. चाचांनीही ते तुकडे पुढे ठेवले नाहीत, ज्यानं आणले त्याच्याच टेम्पोत परत घातले.

आता पोतं.

ते कृष्णाकाठच्या एका गावातून आलं होतं. जुनं किराणा दुकान, आजोबांच्या काळचं. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात दुकानात छतापर्यंत पाणी. नंतर दुकान काही उघडलं नाही, आणि मागच्या वर्षी नातवानं जागा रिकामी केली. दुकानदार आजोबांचं नावगाव मी इथे देणार नाही. का, ते पुढे येईलच.

माझ्या दुकानात वर्तमानपत्र अंथरून पोतं ओतलं. पंचशेरी एक, अडीचशेरी दोन, दोन शेराची दोन, एक शेराची तीन, अच्छेर चार, पावशेर तीन, नवटाक चार (दारूच्या मापाचंही हेच नाव, म्हणून हे ऐकलं की आमचा कामगार दर वेळी दात काढतो), छटाक तीन, आणि एक दगड. दगडाला तार गुंडाळलेली. तो पासंग. तराजूची पारडी सारखी नसली की हलक्या बाजूला बांधायचा. 'पासंगाला पुरत नाही' असं आपण येताजाता म्हणतो, पण खरा पासंग हातात धरलेली माणसं आता फार नसतील. अण्णांनी सगळ्यात आधी दगडच उचलला.

सगळं गंजलेलं आणि पुराच्या गाळानं माखलेलं. अण्णा म्हणाले, "तू जरा साफसूफ कर, सैल झालेलं शिसं बघ, मी रविवारी येतो." एवढंच म्हणाले. बाकीचं मी माझ्या मनानं केलं.

ज्यांनी किराणा दुकानातलं वजन कधी उलटं करून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: बिडाचं वजन ओतताना नेमक्या ग्रॅमला ओतता येत नाही. म्हणून त्याच्या बुडाला मुद्दाम एक भोक ठेवतात आणि त्यात शिसं भरून वजन नेमकं करतात. शिसं मऊ. निरीक्षक त्यावर शिक्का ठोकतो. आजच्या वजनावर त्या शिशात वर्षाचे आकडे आणि तिमाहीचं अक्षर असतं, ए, बी, सी, डी यांपैकी एक. दर दोन वर्षांनी पुन्हा तपासणी, पुन्हा ठोका. म्हणजे वजनाचा सगळा इतिहास त्याच्या बुडाला, बोटाच्या नखाएवढ्या करड्या ठिपक्यात असतो. वर ओतलेली ठळक अक्षरं काही सांगत नाहीत. ती साच्यातून येतात, सगळ्यांना सारखी.

आणि भंगारात हाच ठिपका सर्वात आधी जातो. शिशाला बिडाच्या कितीतरी पट भाव. अड्ड्यावरची पोरं छिन्नीनं ते टोकरून डब्यात गोळा करतात. पोतं उघडल्यावर आमच्या बावीस वजनांपैकी अकरांची भोकं रिकामी निघाली. म्हणून संग्रह करणाऱ्यानं अड्ड्यावर लवकर पोचायचं ते दुर्मिळ वस्तूसाठी नव्हे, शिशासाठी. वजन कुठेही पळून जात नाही.

मी एक शेराची तिन्ही वजनं माझ्या काट्यावर ठेवली. डायरीत नोंद आहे, कारण येणारा प्रत्येक नग आधी काट्यावर आणि मग डायरीत, ही वडिलांची शिस्त. पहिलं ९३१.२. दुसरं ९२९.८. इतकी वर्षं घासून, गंजून दोन-तीन ग्रॅम जाणारच. तिसरं ९६२.३.

मी पुन्हा ठेवलं. ९६२.३.

धंद्यातल्या माणसाला याचा अर्थ एकच कळतो : चुकलंय, दुरुस्त कर. मी ते वजन उलटं धरलं, छिन्नीचा एक ठोका दिला, वरचं शिसं उडालं. खालचं गॅसच्या ज्योतीवर धरून पळीत ओतलं. भोक बघितलं तर नेहमीपेक्षा बरंच खोल, आणि आतल्या भिंतीला ड्रिलचे वेढे. तेव्हाही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. 'कुणीतरी उद्योग केलाय' असं मनाशी म्हणत मी बेतानं शिसं परत भरलं, वरून दाबलं, घासलं. काट्यावर ठेवलं. ९३३.१. एवढं नेमकं काम बऱ्याच दिवसांत जमलं नव्हतं. सांगायला लाज वाटते, पण मी खूश होतो.

रविवारी अण्णा आले. मी मोठ्या कौतुकानं तिन्ही शेर ओळीनं मांडले आणि डायरी पुढे केली. त्यांनी चष्मा वर सरकवून तिसरी ओळ वाचली. मग वजन उलटं केलं. माझं नवंकोरं, चकचकीत शिसं.

"हे तू भरलंस?"

"हो. जड होता शेर. एकोणतीस ग्रॅम."

"आणि आधीचं?"

आधीचं शिसं बाकीच्या शिशाबरोबर पळीत गेलं होतं. पळीतून त्याची वडी झाली होती, आणि वडी शेल्फवर पडलेली. अण्णा त्या वडीकडे बघत राहिले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "अरे, तो शेर खोटा होता म्हणूनच तर तो घ्यायचा होता."

मग त्यांनी माझीच डायरी ओढली आणि दिवाणजीच्या अक्षरात त्रैराशिक मांडलं. कॅल्क्युलेटर पुढे केला तर हातानंच बाजूला सारला. ९३३.१ चे ९६२.३ होतात, म्हणजे शेराला साधारण २९ ग्रॅम जास्त. चाळीस शेरांच्या मणाला ११६८ ग्रॅम. ११६८ ग्रॅम म्हणजे किती? सव्वा शेर. अगदी काटेकोर काढायचं तर सव्वा शेर होतो ११६६ ग्रॅम. दोन ग्रॅमचा फरक, मणामागे.

"मणाला सव्वा शेर कडता," अण्णा म्हणाले, आणि पेन खाली ठेवलं.

कडता म्हणजे काय ते इकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. मालात माती आहे, ओल आहे, पोत्याचं वजन आहे, असं म्हणून व्यापारी मणामागे जी सूट कापतो ती. शेतकऱ्यासमोर हिशेबात कापली तर ती कडता. वजनाच्या पोटात लपवून कापली तर? माल विकत घेताना हा जड शेर पारड्यात टाकायचा आणि गिऱ्हाइकाला विकताना दुसरे दोन. शेतकरी चाळीस शेर घातल्याचं बघतो, हिशेबात चाळीसच शेर लिहिले जातात, आणि व्यापाऱ्याच्या घरात सव्वाएकेचाळीस येतात.

यात एक कारागिरीही आहे, ती धंदेवाईक म्हणून मला सांगावीशी वाटते. नुसतं भोकात जास्त शिसं कोंबून २९ ग्रॅम वाढत नाहीत, भोकात तेवढी जागाच नसते. बिडाचा घन सेंटीमीटर साधारण ७.२ ग्रॅम, शिशाचा ११.३. बीड ड्रिलनं काढून तिथे शिसं भरलं की दर घन सेंटीमीटरला चार ग्रॅमची कमाई. २९ ग्रॅमसाठी सात घन सेंटीमीटर कोरायला हवं, म्हणजे जवळपास अंगठ्याएवढं. बाहेरून वजनाचा आकार तोच, उंची तीच, शेजारी दुसरा शेर ठेवला तरी फरक दिसत नाही. हे गावातल्या किराणा दुकानदाराचं काम नव्हे. हे माझ्यासारख्या कुणाचं तरी काम आहे. हा विचार आला तेव्हा मी चहा सांगायला म्हणून उठून बाहेर गेलो.

मग पुराव्यात उरलं काय आणि गेलं काय? ड्रिलचं भोक उरलं, माझ्या नव्या शिशाखाली. डायरीतला ९६२.३ उरला. गेलं ते वरचं मूळ शिसं, आणि सगळा निकाल त्यावर होता. त्यावर शिक्का असता तर वजन तपासणीला जाऊन आल्यावर कुणीतरी उघडून भरलं, किंवा डोळेझाक करून तसंच पास झालं. शिक्का नसता तर हा शेर निरीक्षकासमोर कधी गेलाच नाही, गल्ल्याखाली राहिला आणि फक्त सुगीत बाहेर आला. मुंबई इलाख्यात वजनमापांचा कायदा १९३२ चा, म्हणजे शिक्क्याची अपेक्षा करणं गैर नव्हतं. मी छिन्नी मारताना त्या शिशावर गंजाची साय होती. खाली काही होतं का, ते मी पाहिलं नाही. अण्णांनी तीनदा विचारलं, "काही खडबडीत लागलं का हाताला?" मला आठवत नाही. आठवतंय असं म्हणण्याचा मोह झाला होता.

अण्णांचं आणि माझं एका मुद्द्यावर मात्र अजून जमलेलं नाही. अण्णा म्हणतात, ही सरळसरळ फसवणूक म्हणता येत नाही. गावात सगळ्यांना ठाऊक असेल की या दुकानात माल घालताना सव्वा शेर जातोच. दर मणाला तोंडानं कापण्यापेक्षा वजनातच बसवून टाकला, हिशेब सोपा. त्यांच्या जुन्या धंद्याची बाजू घेतात असं मला वाटतं, आणि तसं मी त्यांना म्हणालोही. उघड कापायची सूट कोणी ड्रिल मारून, शिसं भरून, वरून लेप देऊन ठेवत नाही. आजही ऊस घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला काट्यावर विश्वास नसतो. हंगाम आला की काटामारीची ओरड होतेच, आणि गाडी बाहेरच्या काट्यावर आधी भरून घ्या म्हणून सांगणारे भेटतातच. त्या शेतकऱ्याला 'सगळ्यांना ठाऊक होतं' हे उत्तर चालेल का? अण्णा यावर म्हणाले, "तू आज बोलतोयस. तेव्हा त्याच्याकडे दुसरा काटाच नव्हता." हे माझ्याच बाजूचं झालं असं मी म्हणालो. त्यांनी विषय बदलला.

तेव्हापासून माझ्याकडे जुनं वजन आलं की क्रम बदलला आहे. आधी बुडाचा फोटो, तिरप्या उजेडात, म्हणजे पुसट ठोकाही सावलीनं दिसतो. मग काटा, मग डायरी. गंज काढायला रॉकेलमध्ये रात्रभर आणि कापडानं पुसणं, बस्स. तारेचा ब्रश नाही. पितळी मापाला चिंच तर अजिबात नाही. घरच्या बायका हौसेनं लावतात आणि भांडं सोन्यासारखं होतं, पण आंबट पितळ खातं आणि कडेवरची नक्षी, खुणा बोथट करतं. शिशाला हात लावला तर हात धुवायचे, आणि स्वयंपाकघरात ते वितळवायचं नाही. माझ्या वडिलांच्या काळी हे कोणी सांगत नसे. आणि ज्याचं स्वतःचं दुकान आहे त्यानं असला संग्रह गल्ल्याजवळ मांडू नये, घरी ठेवावा. शोभेचं वजन आणि वापरातलं वजन यातला फरक तपासणीला आलेल्या माणसाला पटवून देण्यात दिवस जातो.

राहिला चिठ्ठीचा प्रश्न. अण्णा प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी लावतात : काय, कुठून, कधी, किती. या वेळी 'कुठून'पाशी पेन अडलं. दुकानदाराचा नातू चांगला मुलगा, कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला आहे. दुकानाच्या वह्या असतील तर बघाव्यात म्हणून अण्णांनी त्याला फोन केला होता. वह्या पुरात भिजून लगदा झाल्या, रद्दीवाल्यानंही घेतल्या नाहीत, असं तो म्हणाला. वह्या असत्या तर खरेदी चाळिसाची आणि माल सव्वाएकेचाळीसाचा, असा मेळ कुठेतरी सापडला असता. मग त्यानं विचारलं, "का हो, काय निघालं का त्यात?"

अण्णांनी फोनवर काही सांगितलं नाही. चिठ्ठी लिहिली ती अशी :

'शेर, बिडाचा, १ नग. कृष्णाकाठ. भंगारातून. मिळाला तेव्हा ९६२.३ ग्रॅम. खरेदीचा असावा. बुडाचं शिसं दुरुस्तीत गेलं.'

'दुरुस्तीत' या शब्दाबद्दल मी अण्णांचा आभारी आहे.

दिवाळीत नातू स्वतःच आला, फराळाचा डबा घेऊन. आजोबांची वजनं बघायची म्हणाला. अण्णांनी खोली उघडली. त्यानं चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली. "आजोबांचं नाव नाही ना घातलं कुठं?" एवढंच विचारलं. अण्णांनी मान हलवली. मग त्यानं एका हातात तो शेर घेतला, दुसऱ्या हातात शेजारचा, आणि डोळे मिटून दोन्ही हात वरखाली करत उभा राहिला. तराजूच झाला होता त्याचा.

"दोन्ही सारखंच लागतंय की, काका."

"आता सारखंच आहे," अण्णा म्हणाले, आणि माझ्याकडे बघून डब्यातली एक चकली उचलली.